पोटदुखीचं सोंग आणि ढाक्याहून आलेली तार

८ जुलै १९७१ च्या रात्री इस्लामाबादेत एक सरकारी मेजवानी चालली होती. पाहुणे होते अमेरिकेचे राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार हेन्री किसिंजर. मध्येच पाहुण्यांचं पोट दुखायला लागलं. यजमान, म्हणजे पाकिस्तानचे लष्करी अध्यक्ष याह्या खान, आसपासच्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात आग्रह करू लागले, की या उकाड्यात राहू नका, नथियागलीच्या थंड हवेत दोन दिवस आराम करा. दुसऱ्या दिवशी सकाळी मोटारींचा एक ताफा डोंगराच्या दिशेने निघालाही. त्यात किसिंजर नव्हते. ते पहाटेच्या अंधारात चकलाला विमानतळावरून पाकिस्तानी विमान कंपनीच्या बोइंगमध्ये बसून पेकिंगला (आजच्या बीजिंगला) गेले होते. घाईत जादा सदरे बरोबर घ्यायचे राहिले, म्हणून त्यांनी एका उंच सहकाऱ्याचे सदरे उसने घेऊन घातले. त्या सदऱ्यांवर ‘मेड इन तैवान’ असं लिहिलेलं होतं! बावीस वर्षं तुटलेले चीन-अमेरिका संबंध जुळवायला गेलेला माणूस तैवानी सदरा घालून चीनचे पंतप्रधान चौ एन-लाय यांच्यासमोर बसला.

मुत्सद्देगिरीच्या इतिहासात ही हकिकत मोठ्या चवीने सांगितली जाते. पण ज्या याह्या खानांनी पोटदुखीचा हा बनाव इतका बिनबोभाट पार पाडला, त्यांचं सैन्य त्याच दिवसांत देशाच्या दुसऱ्या तुकड्यात, पूर्व पाकिस्तानात, म्हणजे आजच्या बांगलादेशात, साडेतीन महिन्यांपासून माणसं मारत होतं. साठ लाखांवर लोक तोवर सीमा ओलांडून भारतात आले होते. वर्षअखेर हा आकडा कोटीच्या घरात गेला. दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी संबंध होता, आणि तो कागदोपत्री सिद्ध करता येतो. असं फार क्वचित घडतं. महासत्तेच्या सोयीसाठी एखाद्या कत्तलीकडे कानाडोळा झाल्याचे आरोप पुष्कळ होतात. इथे मात्र तारा आहेत, टिपणं आहेत, आणि खुद्द अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन यांनी आपल्या कार्यालयात बसवून घेतलेल्या ध्वनिमुद्रण यंत्राच्या फितीही आहेत.

मुळात भांडण निवडणुकीचं होतं. नोव्हेंबर १९७० मध्ये बंगालच्या उपसागरातलं चक्रीवादळ पूर्व पाकिस्तानच्या किनाऱ्यावर आदळलं आणि किमान तीन लाख माणसं गेली. इस्लामाबादेतल्या सरकारने मदतीत केलेली दिरंगाई लोक विसरले नाहीत. पुढच्याच महिन्यात निवडणूक झाली, तेव्हा शेख मुजीबुर रहमान यांच्या पूर्वेकडच्या अवामी लीगने ३१३ जागांच्या राष्ट्रीय सभेत १६७ जागा मिळवल्या. स्वच्छ बहुमत! पश्चिमेकडचे सेनानी आणि तिथले पुढारी झुल्फिकार अली भुट्टो यांना ते पचनी पडणं शक्य नव्हतं. ३ मार्चला भरायची सभा दोन दिवस आधी पुढे ढकलली गेली, ढाका रस्त्यावर उतरलं, वाटाघाटींचा देखावा चालू राहिला आणि त्या आडून पश्चिमेकडून सैन्य येत राहिलं. भारताने आपल्या हद्दीवरून उड्डाणबंदी घातलेली असल्याने ही विमानं कोलंबोमार्गे वळसा घालून येत. २५ मार्चच्या रात्री ‘ऑपरेशन सर्चलाइट’ ही लष्करी कारवाई सुरू झाली.

त्या रात्री ढाका विद्यापीठात काय झालं याचा एक विलक्षण पुरावा आहे. शेजारच्या अभियांत्रिकी विद्यापीठातले प्राध्यापक नूरुल उला यांनी आपल्या घराच्या खिडकीतून जगन्नाथ हॉलच्या मैदानाचं चित्रण केलं. जगन्नाथ हॉल हे हिंदू विद्यार्थ्यांचं वसतिगृह. सैनिक माणसांना प्रेतं वाहून आणायला लावतात, ओळीत उभं करतात आणि मग प्रेतं वाहणाऱ्यांनाच गोळ्या घालतात. चित्र धूसर आहे, लांबून घेतलेलं आहे. पण काय चाललंय ते कळायला तेवढं पुरतं. परदेशी बातमीदारांना इंटरकॉन्टिनेन्टल हॉटेलात कोंडून नंतर विमानात बसवून हाकलून दिलं होतं. ‘डेली टेलिग्राफ’चे सायमन ड्रिंग मात्र हॉटेलात लपून राहिले, आणि ३० मार्चला त्यांची बातमी छापून आली.

वॉशिंग्टनला मात्र वर्तमानपत्रांची वाट पाहायची गरज नव्हती. ढाक्यात अमेरिकेची वकिलात होती आणि तिचे प्रमुख होते आर्चर ब्लड. वर्षभरापूर्वीच ते या पदावर आले होते. त्याआधीही एकदा त्यांची ढाक्याला नेमणूक झाली होती, शहर त्यांच्या ओळखीचं होतं. २८ मार्चलाच त्यांनी पाठवलेल्या तारेचा मथळा होता, ‘निवडक वंशसंहार’. दुसऱ्या दिवशी दिल्लीतले अमेरिकी राजदूत केनेथ कीटिंग यांनीही त्याच मथळ्याखाली आपली तार धाडली. उत्तर काही आलं नाही.

६ एप्रिलला ढाक्याच्या वकिलातीतून जी तार गेली, ती ‘ब्लड टेलिग्राम’ म्हणून ओळखली जाते. अमेरिकी परराष्ट्र खात्याने नुकतीच एक सोय केली होती: सरकारी धोरण पटत नसेल तर अधिकाऱ्याने आपला मतभेद रीतसर, खात्याच्याच वाटेने कळवावा. व्हिएतनाम-कंबोडियावरून खात्यात जी धुसफूस झाली, तिच्यावरचा हा उतारा. ढाक्यातल्या वीस जणांनी ही सोय वापरली. लोकशाही चिरडली जात असताना आपल्या सरकारने निषेध केला नाही, अत्याचारांचा निषेध केला नाही, आपल्याच नागरिकांच्या रक्षणासाठी ठोस पावलं उचलली नाहीत, आणि हे अनेकांना नैतिक दिवाळखोरीचं लक्षण वाटेल, असं त्यात सरळ म्हटलं होतं. ब्लड यांनी मजकुराला आपली संमती जोडली आणि खाली एक व्यवहारी मुद्दाही घातला: या संघर्षाचा शेवट बहुधा स्वतंत्र बांगलादेशात होणार, तेव्हा हरणाऱ्या बाजूची पाठराखण करण्यात शहाणपण नाही. वॉशिंग्टनमधल्या दक्षिण आशिया विभागातल्या नऊ अधिकाऱ्यांनी आपलाही पाठिंबा कळवला.

या तारेला उत्तर मिळालं ते बदलीच्या रूपाने. जूनमध्ये ब्लड यांना ढाक्यातून काढून घेतलं गेलं आणि पुढची काही वर्षं त्यांनी वॉशिंग्टनमध्ये टेबलाशी काढली. सरकारी नोकरीत हयात घालवलेल्या मराठी वाचकाला ही रीत समजावून सांगावी लागणार नाही.

मग हे सगळं माहीत असूनही व्हाइट हाऊस गप्प का बसलं?

याचं उत्तर तीन तारखांमध्ये आहे. निक्सन यांना चीनशी बोलायचं होतं, आणि निरोप्या म्हणून त्यांनी याह्या खान यांना १९६९ पासूनच हाताशी धरलं होतं. २७ एप्रिल १९७१ ला पाकिस्तानचे राजदूत आगा हिलाली चौ एन-लाय यांचा निरोप घेऊन किसिंजर यांच्याकडे आले. चीन अमेरिकी दूताला भेटायला तयार होता. दुसऱ्याच दिवशी, २८ एप्रिलला, किसिंजर यांनी पाकिस्तानविषयीच्या धोरणाचे तीन पर्याय मांडणारं टिपण निक्सन यांच्यापुढे ठेवलं. २ मे रोजी निक्सन यांनी त्यातला एक पर्याय मान्य केला आणि टिपणावर स्वतःच्या हाताने लिहिलं: सर्वांसाठी, याह्यावर आत्ता दबाव आणू नका. त्यातल्या ‘नका’ या शब्दाखाली त्यांनी तीन रेघा मारल्या.

या प्रकरणातले बरेच कागद आता खुले झालेले आहेत. मला त्यातला हाच सगळ्यात जास्त अस्वस्थ करतो. त्यात ‘मारा’ असं कुठेही म्हटलेलं नाही, द्वेषही नाही. ‘आत्ता’ एवढा एकच शब्द आहे, आणि तो सगळं काम करतो. महासत्तेला परमुलखातली कत्तल हवी असते असं सहसा नसतं. तिला दुसरंच काहीतरी हवं असतं, आणि ते पदरात पडेपर्यंत कत्तलीने मध्ये येऊ नये एवढीच तिची अपेक्षा असते. मारणाऱ्याला मुदत हवी असते, आणि ती त्याला अशी आपोआप मिळून जाते.

निक्सनपक्षाचा बचाव असा, की दुसरा मार्ग नव्हता. तो तितकासा टिकत नाही. रुमानियाच्या चाउशेस्कूंमार्फतही पेकिंगशी निरोपांची ये-जा झालेली होती. शिवाय किसिंजर जुलैत चीनला जाऊन आले, १५ जुलैला निक्सन यांनी दूरचित्रवाणीवरून ते जाहीर केलं, म्हणजे निरोप्याची गरज संपली, तरीही दबाव आला नाहीच. उलट आता चीनला दाखवायचं होतं की अमेरिका आपल्या मित्राला वाऱ्यावर सोडत नाही. एका सोयीची जागा दुसऱ्या सोयीने घेतली. त्यात निक्सन यांचा याह्यांवरचा लोभ आणि इंदिरा गांधींविषयीची अढी हेही होतं. ध्वनिफितींमधली त्यांची भाषा इथे छापण्यासारखी नाही.

आणि दबाव आणायला जागा होती का? भरपूर होती. १९५४ च्या करारापासून पाकिस्तानी लष्कर अमेरिकी शस्त्रांवर पोसलं गेलं होतं. १९६० साली रशियावर टेहळणी करायला गेलेलं आणि तिथे पाडलं गेलेलं अमेरिकेचं यू-२ विमान पेशावरहूनच उडालं होतं. घरोबा इतका जुना. ढाक्याच्या रस्त्यांवर फिरणारे शॅफी रणगाडे अमेरिकी, आकाशातली सेबर विमानं अमेरिकी आराखड्याची, सैन्य वाहून नेणारी सी-१३० विमानंही तिथलीच. १९६५ च्या युद्धानंतर बंदी आली होती, पण सुटे भाग आणि दारूगोळा मिळत होता. शस्त्रांच्या राजकारणात रणगाड्यांपेक्षा त्यांच्या सुट्या भागांना जास्त किंमत असते. रणगाडा एकदाच विकत घेतात, त्याचे भाग दर महिन्याला लागतात. ते बंद झाले की सैन्याला हिशेब करावा लागतो.

ते बंद झाले नाहीत. परराष्ट्र खात्याने एप्रिलमध्ये नवे परवाने थांबवले आणि पुरवठा बंद असल्याचा समज पसरू दिला. पण २५ मार्चपूर्वी दिलेले परवाने चालूच राहिले. २२ जूनला ‘न्यू यॉर्क टाइम्स’मध्ये टॅड शुल्क यांनी बातमी फोडली, की ‘सुंदरबन’ आणि ‘पद्मा’ या पाकिस्तानी जहाजांवरून लष्करी माल रवाना होतो आहे. जहाजांची नावं पाहा! ज्या नद्या-जंगलांच्या प्रदेशात तो माल वापरला जाणार होता, त्याच प्रदेशाची.

मग जुलैत बाल्टिमोरच्या बंदरात एक अजब दृश्य दिसलं. युद्धविरोधी क्वेकर पंथाची माणसं आणि त्यांचे मित्र वल्ह्यांच्या चिमुकल्या होड्या घेऊन ‘पद्मा’ या मालवाहू जहाजाच्या वाटेत उभे राहिले. किनारा-पोलिसांनी त्यांना बाजूला काढलं, काहींना अटक झाली, जहाज धक्क्याला लागलं. पण त्यांच्या तसबिरी देशभर छापून आल्या, आणि पुढे फिलाडेल्फियाच्या गोदी कामगारांनी पाकिस्तानी जहाजांवर माल चढवायला नकार दिला. उरलेले परवाने अखेर नोव्हेंबरमध्ये रद्द झाले. त्या मालाची एकूण किंमत फार मोठी नव्हती, हे मान्य करायला हवं. पण रावळपिंडीतल्या सेनानींनी त्यातून किंमत नव्हे, इशारा वाचला: अमेरिकेला हे चालतंय.

चीनलाही चालत होतं. चीनने पाकिस्तानला रणगाडे, विमानं, बंदुका दिल्या होत्या, आणि एप्रिलमध्ये चौ एन-लाय यांनी याह्यांना पाठिंब्याचं पत्र पाठवलं. दलित-पीडितांच्या मुक्तीची भाषा बोलणारं पेकिंग बंगाली शेतकऱ्यांविषयी अवाक्षर काढत नव्हतं. शीतयुद्ध म्हणजे लाल विरुद्ध निळा अशी सोपी विभागणी ज्यांच्या डोक्यात असेल त्यांनी या वर्षाचा विचार करावा. एकमेकांची तोंडं न पाहणाऱ्या दोन सरकारांचं ज्या एका गोष्टीवर सर्वात आधी एकमत झालं, ती म्हणजे या प्रकरणी गप्प बसणं.

हे मौन फोडणाऱ्या माणसाचा आपल्याकडच्या मातीशी संबंध आहे. अँथनी मस्करेन्हस यांचा जन्म बेळगावचा, घराणं गोव्याचं ख्रिस्ती. शिक्षण कराचीत झालं आणि तिथेच ‘मॉर्निंग न्यूज’ या दैनिकात ते सहायक संपादक होते. एप्रिल १९७१ मध्ये लष्कराने आठ पत्रकारांना पूर्व पाकिस्तानात फिरवून आणलं. तिथे सगळं आलबेल आहे असं त्यांनी लिहावं ही अपेक्षा. इतरांनी तसं लिहिलं. मस्करेन्हस कोमिल्ला परिसरात नवव्या डिव्हिजनच्या अधिकाऱ्यांबरोबर हिंडले होते. एके ठिकाणी शेतातून पळणारा चोविशीतला तरुण सैनिकांनी पकडला. एरवी पळतानाच गोळी घातली असती, पण तुमच्यामुळे आधी चौकशी करतोय, असं बरोबरच्या मेजरने त्यांना गप्पांच्या सुरात सांगितलं. हिंदू की मुसलमान हे पाहायला अंग तपासलं गेलं. तो ढाक्याच्या न्यू मार्केटमधला शिंपी निघाला, मुसलमान निघाला, आणि वाचला. संध्याकाळी मेसमध्ये अधिकारी दिवसभरातल्या आकड्यांची तुलना करत बसत.

जे पाहिलं ते लिहिता आलं नाही तर यापुढे एक अक्षरही लिहिता येणार नाही, असं मस्करेन्हस यांनी घरी येऊन पत्नीला सांगितलं. बहीण आजारी असल्याच्या निमित्ताने ते लंडनला गेले आणि ‘संडे टाइम्स’चे संपादक हॅरल्ड एव्हन्स यांना भेटले. पण बायको आणि पाच मुलं कराचीत. ती सुरक्षित बाहेर पडेपर्यंत एक ओळही छापता येत नव्हती. संशय येऊ नये म्हणून मस्करेन्हस स्वतः परत कराचीला आले. कुटुंब रोमच्या विमानात बसलं. मस्करेन्हस यांची मात्र परदेशप्रवासाची वर्षातली एकुलती एक परवानगी वापरून झालेली होती, म्हणून ते जमिनीवरून, सरहद्द ओलांडून, अफगाणिस्तानात उतरले. १३ जून १९७१ च्या अंकात त्यांचा लेख मधल्या दोन पानांवर आला. मथळा एकच शब्द: ‘जेनोसाइड’. या लेखाने आपल्याला हादरवलं, असं इंदिरा गांधींनी पुढे एव्हन्स यांना सांगितलं.

भारताने पुढे जे केलं ते सर्वांना ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात. त्यात करुणा होती तसा हिशेबही होता. पत्रांवर निर्वासित साहाय्याचं पाच पैशांचं जादा तिकीट लागायला लागलं. जुन्या पेटीत १९७१-७२ ची पाकिटं असतील तर नेहमीच्या तिकिटाशेजारी ते अजून सापडेल. बंगाली बंडखोरांच्या मुक्तिवाहिनीला प्रशिक्षण मिळालं. ९ ऑगस्टला सोव्हिएत संघाशी मैत्रीचा करार झाला. याचा अर्थ पीडितांच्या बाजूने उभं राहायलाही एक महासत्ता पाठीशी लागली, आणि मॉस्कोला बंगालच्या प्रेमाचं भरतं आलेलं नव्हतं. त्याला चीनच्या दाराशी भारत हवा होता.

सुरक्षा परिषदेचं वागणं तर नोंदवून ठेवण्यासारखं आहे. मार्चपासून नोव्हेंबरपर्यंत गावं जळत होती, तेव्हा या प्रश्नावर परिषद एकदाही बसली नाही. तो पाकिस्तानचा अंतर्गत मामला होता. ३ डिसेंबरला भारत आणि पाकिस्तान या दोन देशांत युद्ध पेटलं आणि ४ डिसेंबरला परिषद भरली! युद्धबंदीचे ठराव आले, सोव्हिएत संघाने ते नकाराधिकाराने पाडले. आमसभेत १०४ देशांनी युद्धबंदीच्या बाजूने मत दिलं, विरोधात ११. सीमा ओलांडल्याचं जगाला दिसलं. सीमेच्या आत काय झालं हे पाहायची त्या व्यवस्थेत सोयच नव्हती. वंशसंहाराविरुद्धचा आंतरराष्ट्रीय करार १९४८ पासून होता खरा, पण अमेरिकेनेच तो स्वीकारला नव्हता. तिला त्यासाठी १९८८ उजाडलं.

शेवटच्या पंधरा दिवसांत निक्सन-किसिंजर जोडी सावरासावरीच्याही पलीकडे गेली. जॉर्डनकडची अमेरिकी लढाऊ विमानं पाकिस्तानला पाठवणं बेकायदा आहे असं आपल्याच वकिलांनी सांगितलेलं असताना, त्यांनी ते घडवून आणलं. १० डिसेंबरला किसिंजर न्यू यॉर्कमध्ये चीनचे प्रतिनिधी हुआंग हुआ यांना गुप्तपणे भेटले आणि चीनने भारताच्या सीमेवर सैन्य हलवलं तर अमेरिका आड येणार नाही असं सुचवलं. चीन हलला नाही. ‘एंटरप्राइझ’ ही अणुशक्तीवर चालणारी विमानवाहू नौका बंगालच्या उपसागराकडे निघाली. ती पोहोचेपर्यंत खेळ आटोपत आला होता. १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागती झाली. शरणागतीआधीच्या दिवसांत, १४ तारखेच्या आसपास, पाकिस्तानी सैन्याच्या साथीदार अल-बद्रच्या टोळ्यांनी ढाक्यातले प्राध्यापक, डॉक्टर, पत्रकार घराघरांतून उचलले, आणि त्यांची प्रेतं रायेरबाजारच्या वीटभट्ट्यांच्या खड्ड्यांत सापडली.

मृतांच्या आकड्यावर आजही एकमत नाही. बांगलादेश तीस लाख म्हणतो, पाकिस्तानच्या हमूदुर रहमान आयोगाने सव्वीस हजार म्हटलं, आणि बऱ्याच अभ्यासकांचे अंदाज तीन ते पाच लाखांच्या आसपास घुटमळतात. यातला सर्वांत लहान आकडाही, म्हणजे मारणाऱ्यांनी स्वतः कबूल केलेला आकडा, एखाद्या तालुक्याचं गाव रिकामं करणारा आहे.

कानाडोळ्याची ही रीत इथेच संपली नाही. चारच वर्षांनी, ६ डिसेंबर १९७५ ला, अध्यक्ष फोर्ड आणि तेच किसिंजर जकार्तात इंडोनेशियाचे अध्यक्ष सुहार्तो यांच्याशी बोलत होते. पूर्व तिमोरमध्ये सैन्य घालायचं आहे, समजून घ्या, असं सुहार्तोंनी सांगितलं, आणि पाहुण्यांनी समजून घेतलं. काम लवकर उरकावं आणि आम्ही घरी पोचल्यावर सुरू व्हावं, एवढाच त्यांचा आग्रह. दुसऱ्या दिवशी आक्रमण झालं. एकेकाळी ज्या तिमोरचा कारभार पोर्तुगीज गोव्यातून चालवत, तिथे पुढच्या चोवीस वर्षांत किमान एक लाख माणसं मारली गेली किंवा उपासमारीने आणि रोगराईने गेली. त्या बैठकीचा पूर्ण वृत्तान्त २००१ मध्ये खुला झाला.

किसिंजर यांना १९७३ साली शांततेचं नोबेल मिळालं, व्हिएतनामसाठी. ते शंभर वर्षं जगले. ब्लड २००४ मध्ये वारले, आणि दुसऱ्या वर्षी ढाक्यातल्या अमेरिकी केंद्राच्या ग्रंथालयाला त्यांचं नाव देण्यात आलं.

राहता राहिले प्रत्यक्ष मारणारे. शरण आलेल्या सुमारे ९३ हजारांपैकी १९५ जणांवर युद्धगुन्ह्यांचे खटले चालवायचे, असं बांगलादेशाने ठरवलं, त्यासाठी १९७३ मध्ये कायदाही केला. पण नव्या देशाला संयुक्त राष्ट्रांत जागा हवी होती, आणि पाकिस्तानात अडकलेले बंगालीही परत हवे होते. २५ ऑगस्ट १९७२ ला चीनने सुरक्षा परिषदेत नकाराधिकार वापरून बांगलादेशाचा प्रवेश अडवला. पेकिंगने त्या परिषदेत बजावलेला हा पहिलाच नकाराधिकार. दोन वर्षं दार बंद राहिलं. ९ एप्रिल १९७४ ला दिल्लीत तीन देशांचा करार झाला. पाकिस्तानने खेद व्यक्त केला, बांगलादेशाने क्षमा म्हणून खटले सोडून दिले, आणि सप्टेंबरात त्याला संयुक्त राष्ट्रांचं सदस्यत्व मिळालं. ते १९५ अधिकारी इतर कैद्यांबरोबर मायदेशी परतले. त्यांच्यापैकी एकावरही कधी खटला चालला नाही.